भावी लेफ्टनंट

शहाडच्या नाक्यावर फ्लेक्स लागला तेव्हा धोंडिबा दुधाच्या पिशव्या घेऊन घरी चालला होता. वर कोपऱ्यात नाक्यावरचा पुढारी काळुराम, त्याचा हात जोडलेला फोटो, कारण पैसे त्याचे आणि निवडणुकीला उभं राहायची खाजही त्याचीच. मधोमध धोंडिबाचा मुलगा राजरत्न, दुसऱ्याच कुणाच्या तरी वर्दीवर मुंडकं चिकटवलेला. खाली भलीमोठी अक्षरं, ‘भावी लेफ्टनंट’. फौजेतून हवालदार होऊन रिटायर झालेला धोंडिबा तिथेच रस्त्याच्या कडेला थुंकला.

अरे, कसला लेफ्टनंट? पोरगा पास झाला होता तो नुसत्या लेखी परीक्षेत. तीही टेरिटोरियल आर्मीच्या, म्हणजे आपला धंदा सांभाळायचा आणि वर्षातले थोडे महिने वर्दी घालायची. मुलाखत अजून व्हायची होती. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! पण नाक्यावरच्या रिकामटेकड्यांना सत्काराला निमित्त लागतं. आणि हा एकोणचाळीस वर्षांचा घोडा, माजिवड्याला किचन ट्रॉलीचं शोरूम असलेला, शाल पांघरून घ्यायला नवरदेवासारखा पुढे झाला.

“देशसेवा माझ्या रक्तातच आहे,” सत्काराच्या दिवशी राजरत्न माइकवर म्हणाला. “बाबा सुट्टीवर आले की मी त्यांच्या वर्दीकडे बघत बसायचो.”

पहिल्या रांगेत बसलेल्या धोंडिबाला हसावं की उठून जावं कळेना. हे ध्यान त्याच्या सुट्टीत आईच्या पदरामागे लपून विचारायचं, ‘हे काका परत कधी जाणार?’ आणि आता म्हणे रक्तात! काळुरामनं वडिलांनाही दोन शब्द बोलायला लावलं. धोंडिबा उठला, म्हणाला, “मुलाखतीत नापास झाला तर ही शाल परत घेऊन जा,” आणि खाली बसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हातारा गंमत करतोय, असं वाटलं त्यांना.

घरी आल्यावर शेवंतीनं दोघांपुढे चहा ठेवला. “बोला आता त्याच्याशी नीट,” ती नवऱ्याला म्हणाली.

“बोलतो ना. बस रे समोर,” धोंडिबा म्हणाला. “मी मुलाखत घेणारा बोर्ड. एवढा चांगला चाललेला धंदा असताना तुला ऑफिसर का व्हायचंय?”

“देशाची सेवा करायला.”

“ती पोस्टमनपण करतो. पुढे.”

“मला शिस्त आवडते.”

“दिवाळीला कबूल केलेलं किचन होळीला देतोस, मेल्या! शिस्त! पुढे.”

“लीडरशिप आहे माझ्यात. पंधरा कारागीर सांभाळतो मी.”

“सुतार! गोळी सुटली की सुतार घरी जातो. आणि जावंच त्यानं. क्लासवाल्यानं घोकून घेतलेलं मला नको ऐकवूस. एवढ्या वर्षांत कधी खरं बोललास का रे कुणाशी? का नुसते ट्रॉल्या विकल्यासारखे शब्द विकतोस?”

राजरत्ननं कप खाली ठेवला. त्याचा चेहरा लालभडक झाला होता.

“खरं हवंय? ऐका मग. मी शोरूम उघडलं, रिबन कापायला तुम्हाला बोलावलं. गुडघा दुखतोय म्हणालात. आणि त्याच संध्याकाळी शेजारच्या सूरजला भरतीसाठी पळायला शिकवत मैदानावर उभे होतात! दहावी नापास सूरज! त्याला शाबास म्हणता तुम्ही. मला एकदाही म्हणाला नाहीत. तुम्हाला वर्दीशिवाय माणूस दिसतच नाही, बाबा. म्हटलं, घालून बघावी एकदा.”

धोंडिबाला ते लागलं, पण तोंडाची सवय जुनी होती.

“एवढ्यासाठी?” तो गरजला. “अरे, तुझ्या हुकमावर पोरं पुढे जातील. त्यातलं एखादं मेलं तर त्याच्या आईला काय सांगशील? माझा बाप मला शाबास म्हणत नव्हता, म्हणून तुमचा मुलगा नेला? थू तुझ्या त्या वर्दीवर! असल्या कारणासाठी फौजेत जातं का कुणी?”

राजरत्ननं अगदी हळू आवाजात विचारलं, “तुम्ही का गेलेलात?”

“मी?” धोंडिबानं मान ताठ केली. “पोटासाठी. घरात दाणा नव्हता. आम्ही नाही कधी रक्तात देशसेवा म्हणून माइकवर बोंबललो.”

“मग पोटासाठी गेलेला चालतो, आणि बापासाठी गेलेला चालत नाही?”

धोंडिबाच्या जिभेवर शिवी आली होती. ती त्यानं गिळली. समोर बसलेल्या मुलाच्या केसांत पांढरं दिसत होतं, आणि ते कधी आलं हे त्याला ठाऊक नव्हतं.

“चालतो,” तो शेवटी म्हणाला. “पण बाप तेवढ्या लायकीचा लागतो.”