गोळी बंद, सत्कार चालू

गोळ्या बंद करायच्या आणि वर शाल-श्रीफळ द्यायचं, ही रीत मथुराबाईंना नवीन होती. पुण्यात सत्कार कशाचाही होतो म्हणा, पण म्हणून याचाही?

धायरीच्या गेनबांचे हात कंपवातानं असे थरथरत, की सदऱ्याची बटणं बायकोला, मथुराबाईंनाच, लावावी लागत. मग इस्पितळात परदेशी कंपनीच्या नव्या गोळीची चाचणी सुरू झाली आणि गेनबा तयार झाले. गोळी लागू पडली. हात थांबले, माणूस पुन्हा चार माणसांत जाऊ लागला. आता चाचणी संपली होती. कंपनीचं काम झालं होतं, म्हणून इस्पितळात गेनबांचा सत्कार ठेवला होता.

सत्काराआधी मथुराबाईंनी उत्कर्षा मॅडमना गाठलं. चाचणीचं सगळं त्याच बघत.

"आता गोळी कुठं मिळंल?"

"इथे नाही मिळणार, आजी. आधी परदेशात विक्रीला येईल. आपल्याकडे कधी, सांगता येत नाही."

"मग ह्यांचं काय?"

"आधीची औषधं आहेतच की."

आधीची औषधं! ती लागू पडत असती तर यांच्या दारात कोण आलं असतं? सही घेताना मॅडमनी गोड बोलून सगळं समजावलं होतं. चाचणी संपल्यावर काय, एवढंच नेमकं राहून गेलं होतं. मथुराबाईंच्या अंगाची लाही लाही झाली.

व्यासपीठावर कंपनीचे गोरे साहेब बसले होते. त्यांना फिल्म हवी होती. गेनबांना कॅमेऱ्यासमोर उभं करून सदऱ्याची बटणं लावायला सांगितलं. म्हातारा बिचारा हसत हसत एकेक बटण लावू लागला. टाळ्या पडल्या.

मथुराबाई ताडकन उठल्या. "पुढच्या म्हैन्यात बी या म्हणावं शूटिंगला! गोळी बंद झाल्यावर हात कसं व्हत्यात, त्ये बी दावा तुमच्या लोकास्नी!"

साहेबांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम इंग्रजीत काहीतरी पुटपुटल्या. साहेबांनी प्रसन्न होऊन मथुराबाईंना हात जोडले.

शेजारी बसलेला नातू विक्रम आयटीत नोकरीला होता. तो लालबुंद झाला. "आजी, मॅडम म्हणाल्या, तू साहेबांचे आभार मानतेयस!"

"आभार? तू सांग. मी बोलले तसंच सांग."

विक्रमनं उभं राहून खणखणीत इंग्रजीत सांगितलं, एक शब्द न गाळता. साहेबांचं हसू मावळलं. आता तरी गोळीचं काही बोलतील म्हणून मथुराबाई वाट बघत राहिल्या. साहेबांनी मान वळवून खूण केली, आणि कॅमेरावाल्यानं कॅमेरा बंद केला.

"चालू ठेव रं!" मथुराबाई कडाडल्या. "गोळीचं उत्तर अजून आलं न्हाई."