लाकूड दिसता कामा नये

अकरा मजली ऑफिसची इमारत लाकडाची बांधायची, हे मालकांच्या गळी उतरवायला आर्किटेक्ट बाईंना वर्ष लागलं. मालक एकदाचे हो म्हणाले आणि लगेच म्हणाले, "आता फक्त ताईला विचारायचं."

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. धंद्यात निम्मी भागीदार. तिच्या शब्दाशिवाय मालकांचं पान हलत नसे.

ताईंनी नकाशे उघडलेच नाहीत. "आग लागली तर काय, एवढं सांगा."

"जाड लाकडाचा वरचा थर कोळसा होतो आणि तोच आतल्याला राखतो."

"सांगू नका. दाखवा."

बाईंनी प्रयोगशाळेच्या भट्टीत फळ्या चिकटवून केलेली जाडजूड तुळई ठेवायला लावली. काचेसमोर तीन खुर्च्या मांडल्या. तुळई पेटली तसे मालकांनी डोळे मिटले. बाईंना सगळं गणित पाठ होतं, तरी त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ताई मात्र दूध तापायची वाट बघावी तशा बसून होत्या.

तासाभराने भट्टी विझवली. तुळई निवल्यावर करवतीने कापली. बाहेर दोन बोटं कोळसा, आत कोरं पिवळं लाकूड. ताईंनी त्यावर तळहात टेकवला.

"बांधा," त्या म्हणाल्या. बाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला, तो जरा लवकरच टाकला. "पण भाडेकरूंना लाकूड दिसता कामा नये. प्रत्येकाला का इथं आणून तुळई जाळून दाखवायची? वरून पांढरे जिप्समचे बोर्ड मारा."

"मग लाकडाची बांधायची कशाला?"

"झाडानं ओढून घेतलेला कार्बन इमारतीत राहतो, असं तुम्हीच म्हणालात. बोर्डाआड राहत नाही का?"

"राहतो," बाई म्हणाल्या.

इमारत उभी राहिली, आतून दवाखान्यासारखी पांढरी. दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूंना ते रुक्ष वाटलं, म्हणून त्यांनी बोर्डांवर लाकडाच्या नक्षीचा कागद चिकटवला आणि बाईंना बोलावून दाखवला.

"अगदी खरं वाटतं, नाही?"

"अगदी," बाई म्हणाल्या, आणि जिन्याकडे वळल्या.

तिथून त्या अकराव्या मजल्यावर ताईंना भेटायला गेल्या. ताईंच्या खोलीत एकही बोर्ड नव्हता. खांब, तुळया, छत, सगळं उघडं लाकूड.

"बोर्डवाले आले होते," ताई फायलीतून मान वर न करता म्हणाल्या. "परत पाठवले. मी काही भाडेकरू नाही."

बाईंनी जवळच्या खांबावर तळहात टेकवला.

"काम होतं काही?"

"नाही."

"मग बसा," ताई म्हणाल्या, आणि समोरची खुर्ची पायानेच पुढे सरकवली.