काचेबरोबर येणारी खरखर

मी तापट आहे, हे आमच्या दुकानाच्या भिंतींनाही ठाऊक आहे. दुकान दोघांचं. मी गाड्यांमध्ये स्पीकर आणि ॲम्प्लिफायर बसवते, धाकटा भाऊ दारं, कुलपं आणि काचा बघतो. काही बिघडलं की आधी त्याच्या नावाने शंख करायचा आणि मग बिघाड शोधायचा, ही माझी पद्धत. तो बिचारा ऐकून घेतो, म्हणून ती इतकी वर्षं चालली.

त्या दिवशी सकाळी घड्याळवाले आले. यांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे आणि हे भावाचे होणारे सासरे. होणारे म्हणजे अजून व्हायचे होते. त्यांच्या मुलीने कधीच हो म्हटलं होतं, भाऊ तर हवेतच होता; घोडं अडलं होतं ते यांच्यापाशी. गेल्याच आठवड्यात भावाने त्यांच्या गाडीतल्या काचांच्या मोटारी बदलल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी मी ॲम्प्लिफायर बसवला होता.

"काच खाली-वर केली की स्पीकर खरखरतो," ते म्हणाले. "काच थांबली की हाही गप्प."

मी लगेच भावाकडे वळले. "स्वस्तातल्या मोटारी उचलून आणल्यास ना? लक्ष कुठे असतं रे तुझं हल्ली?"

हे मी होणाऱ्या सासऱ्यांसमोर बोलले. त्याचे कान लाल झाले.

"ताई, मोटारी चांगल्या आहेत."

"चांगल्या असत्या तर हे इथे आले असते का?"

मग मी कामाला लागले. इंजिन बंद ठेवून काच चालवली. खरखर तशीच, म्हणजे अल्टरनेटरचा दोष नव्हता. टेपकडून ॲम्प्लिफायरला येणारी केबल काढली, तर आवाज बंद. ती दारातल्या वायरींना खेटून गेली असेल म्हणून दुसरी केबल सीटवरून मोकळी टाकून बघितली, तर खरखर पुन्हा हजर. शेवटी मीटरचं एक टोक ॲम्प्लिफायरच्या अर्थला, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडलेल्या वायरला लावलं, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. भाऊ काचेचं बटण दाबायचा आणि आकडा टुणकन उडायचा. अर्थला थेट बॅटरीपर्यंत वेगळी वायर जोडली, तेव्हा कुठे काच चालू असतानाही गाणं स्वच्छ ऐकू आलं.

"अर्थची भानगड आहे," मी घड्याळवाल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "याने मोटारीची वायर भलतीकडे ठोकलेली असणार."

भावाने टॉर्च धरला, मी मॅट उचललं. दाराच्या खांबाच्या बुडाशी बोल्ट होता. मोटारीची वायर त्यावर अगदी जिथे हवी तिथेच होती. तिच्या बोकांडी दुसरी वायर बसवलेली होती. ती ॲम्प्लिफायरची होती, म्हणजे माझी. मागची सीट काढा, पत्रा घासा, स्वतंत्र बोल्ट मारा, या सगळ्याचा त्या दिवशी मला कंटाळा आला होता. समोर आयता बोल्ट दिसला, त्यावर आवळून मोकळी झाले होते. आता मोटारीचा करंट त्याच वाटेने परतत होता आणि त्याचा हिसका माझ्या स्पीकरला बसत होता.

भावाने वायर पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घड्याळवाले वाकून विचारत होते, "सापडलं का?"

"सापडलं," भाऊ म्हणाला. "माझंच चुकलं. ॲम्प्लिफायर बसल्यावर मी दार पुन्हा उघडलं होतं, तेव्हा ही वायर मीच इथे लावली."

बोल, मी मनात स्वतःला म्हणाले, आत्ता बोल. तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते हे: "पुढच्या वेळी डोकं ठिकाणावर ठेवून काम कर."

घड्याळवाले काही बोलले नाहीत. मी सीट काढली, पत्रा घासून स्वतंत्र बोल्ट मारला, आणि ते गाडी घेऊन गेले. भाऊ पुढच्या गाडीचं दार खोलायला बसला. मला तिथे उभं राहवेना. दुपारी जेवणही गेलं नाही. सामान आणायचं निमित्त काढून मी तडक घड्याळवाल्यांचं दुकान गाठलं.

"ती वायर माझी होती," मी दारातूनच म्हणाले. "त्याची काही चूक नाही. तो खोटं बोलला, माझ्यासाठी."

त्यांनी डोळ्याचं भिंग काढलं. "ठाऊक आहे. तुम्ही ती आवळत होतात तेव्हा मी मागेच उभा होतो."

"मग सकाळी बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबलो होतो."

मान वर करायची सोय राहिली नाही. "निदान त्याच्याबद्दल गैरसमज करून घेऊ नका," मी म्हणाले.

"मुलगा मला पहिल्यापासून पसंत आहे हो. आज तर जास्तच. मला धास्ती आहे ती तुमची. माझी पोर तुमच्याच घरात येणार ना? तो ऐकून घेतो, तशी तीही ऐकून घेईल. मग मला झोप कशी लागायची?"

मला रडू आलं, आणि रडू आल्याचीही लाज वाटली. त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल पुढे सरकवलं. मी बसले नाही.

"मला येऊन सांगितलंत, हे बरं केलंत," ते म्हणाले. "त्याच्यापाशी कबूल केलंत का?"

मी नाही म्हणून मान हलवली.