देखणी तेवढी

निवडता तांदूळ, मोडला कण एक,
सुपात राहू दे गं, तोही माझाच लेक...

आईचा हा आवाज आज राजेंद्रच्या कानात कुठून उतरला कोण जाणे. ती जाऊन कैक वर्षं लोटली होती. त्यानं बारीक कुंचल्याचं टोक सवयीनं जिभेला लावून ओलवलं आणि तो पुन्हा सूक्ष्मदर्शकावर वाकला. कुंचला ओला असला की वाळूच्या कणाएवढं कवच त्याला अलगद चिकटून वर येतं. समुद्रतळाच्या चिखलात लाखो वर्षं निजलेली ही इवल्या जिवांची घरं. उल्हासनगरच्या कॉलेजातल्या या खोलीत ती वेचायचं काम ऋतिकाचं होतं. आज तिची खुर्ची रिकामी होती.

भिंगाखाली तिनं बाजूला काढलेली कवचं होती. जीव वाढतो तसा तो कवचाला एकेक मोठी खोली जोडत जातो; पण यांतल्या प्रत्येकाची शेवटची खोली लहान, कललेली. घर बांधता बांधता गवंड्याचा दमच सरावा तशी. राजेंद्रच्या गणितात असल्या खोलीला जागा नव्हती. पुढची खोली मागचीपेक्षा किती मोठी, किती वळलेली, किती सरकलेली, एवढं संगणकाला सांगितलं की पडद्यावर कवच कळीसारखं उमलत जाई. त्या उमलण्यावर त्याचा फार जीव होता.

"सर, हीपण त्याच चिखलातली ना?" ऋतिकानं तेव्हा विचारलं होतं.

"देखणी तेवढी घे. वाकड्यांनी आलेख बिघडतो."

"पण वाकडी बरीच आहेत, सर."

"तुला पीएचडी करायचीय की पंचायत?"

ती हसली होती. हसूनच तिनं वाकड्या कवचांची ती काचपट्टी दूर सारली होती.

काल बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी पडद्यावरचं कवच बराच वेळ पाहिलं आणि चष्मा काढला. "सगळीच इतकी सुबक? समुद्र एवढा शिस्तीचा नसतो. कवचं निवडली कोणी?"

"वेचणी ऋतिकानं केली," राजेंद्र म्हणाला.

वाक्य खरं होतं. वेचणारा हात तिचाच होता. बाई ऋतिकाकडे वळून म्हणाल्या, की अशा हातचलाखीनंतर या कामावर तुझं नाव राहणार नाही, आणि तुझ्या पीएचडीचाही विचार करावा लागेल. ऋतिकानं एकदाच राजेंद्रकडे पाहिलं. तो प्रोजेक्टरची वायर गुंडाळू लागला होता.

त्यानं आता कुंचला ठेवला, दिवा बंद केला आणि अंबरनाथची गाडी पकडली.

मोरिवलीतलं ऋतिकाचं घर कारखान्यांच्या कुंपणाला लागून होतं. तिची आई रखमा ओट्यावर वाल सोलत होती. त्याला पाहताच तिनं घाईनं पदर सावरला आणि स्वच्छ असलेली खुर्ची पुन्हा पुसली.

"बसा सर. गरिबाघरी पाय लागले तुमचे."

राजेंद्र खुर्चीच्या कडेला टेकला. आत ऋतिका स्टोव्हपाशी उभी होती. तिनं मान वळवली नाही.

"पोरीचं चुकलं म्हणं," रखमा म्हणाली. "सांभाळून घ्या. साऱ्या आळीला सांगून बसलेय, आमची डॉक्टर होणार म्हणून. सुईवाली न्हाई, शिंपल्यावाली."

"आई, पुरे," आतून आवाज आला.

"पुरे काय? मास्तरापुढं आईनं बोलू नये व्हय?"

पुढे आलेली चहाची बशी राजेंद्रनं तशीच खाली ठेवली.

"तिचं चुकलं नाही, ताई. वाकडी कवचं टाकायला मी सांगितलं होतं. तिनं हटकलं होतं मला."

रखमानं हातातली शेंग सोलून पुरी केली.

"ठाऊक हाय," ती म्हणाली. "रातीच सांगितलं तिनं. म्हटलं, तुम्ही काय बोलता ते तरी बघावं."

राजेंद्रची मान खाली गेली. ओट्याच्या फरशीवर वालाची सालं पडली होती. तो ती एकेक करून गोळा करू लागला.

"ऱ्हाऊ द्या ते. आन् मला सांगून काय व्हायचं, सर? मी तिची आईच हाय."

त्यानं खिशातून मोबाइल काढला, पाहिला, पुन्हा आत ठेवायला निघाला. तेवढ्यात ऋतिका दारात आली. डोळे सुजलेले, आवाज मात्र कोरडा.

"घरात रेंज येत नाही, सर. बाहेर नळापाशी येते."

नळावर बायकांची रांग होती. हंड्या-कळश्यांच्या कडेला उभं राहून त्यानं परीक्षक बाईंचा नंबर लावला. फोन लागला आणि त्याच वेळी पलीकडच्या कारखान्यात पाळी सुटल्याचा भोंगा झाला. तो हलकेच, तोंडापुढे हात धरून बोलला.

"काही ऐकू येत नाही," बाई म्हणाल्या. "मोठ्यानं बोला."

भोंगा थांबेना. रांगेतल्या एका बाईनं कुतूहलानं नळाखालचा हंडा बाजूला ओढला. नळाचं पाणी तसंच वाहत राहिलं. ओट्यावर मायलेकी उभ्या होत्या. राजेंद्रनं तोंडापुढचा हात काढला.

"मॅडम," तो ओरडला, "निवड ऋतिकाची नव्हती. माझी होती. ती नको म्हणत होती, आणि काल तुमच्यासमोर मी गप्प बसलो."