पहिलं वॉफल घरच्यांचं

मित्रांनो, मी एक जुना, बिडाचा, लांब दांड्याचा वॉफलचा साचा आहे. मला उघडलं की आत पाच बदाम दिसतात, पत्त्यांतल्यासारखे, टोकाला टोक लावून गोल बसलेले. आता त्यांच्यात गंज धरलाय, पण लगेच तोंड फिरवू नका, मला खूप सांगायचंय.

नॉर्वेतल्या एका भट्टीत मला ओतलं. एका कप्तानाच्या बायकोनं मला जहाजातून बेल्जियमला, अँटवर्पच्या बंदरात आणलं आणि तिथल्या नॉर्वेच्या खलाशांच्या चर्चला देऊन टाकलं. चर्च म्हणजे वर प्रार्थनेची खोली, खाली स्वयंपाकघर, आणि खरं सांगू, गर्दी खालीच. कित्येक महिने समुद्रावर काढलेली माणसं दारातून आत यायची, लोण्याचा आणि वेलदोड्याचा वास आला की जागीच थबकायची. दाढीवाले धिप्पाड गडी, कॉफी फार गरम आहे असं सांगून डोळे पुसायचे. तेव्हा मला काय वाटायचं म्हणून सांगू. सगळे म्हणायचे, असा साचा दुसरा नाही.

दर वर्षी नॉर्वेहून कोणी ना कोणी तरुण वर्षभराच्या सेवेला यायचं. त्या वर्षी ओशिल्ड आली. शाळा नुकतीच संपलेली, पाठीवर गिटार, हातात बायबल. चर्चचं घर सांभाळणाऱ्या गुन्वोर मावशीनं तिच्या गळ्यात एप्रन अडकवला.

"मावशी, मी सुवार्ता सांगायला आलेय."

"सांग की. पीठ ढवळता ढवळता सांग."

ओशिल्डनं पीठ घातलं. आता माझी एक खोड आहे. सुरुवातीला मी पुरता तापलेला नसतो, लोणीही नीट मुरलेलं नसतं, त्यामुळे पहिलं वॉफल चिकटतं आणि फाटतं. ते चिंध्या झालेलं वॉफल बघून पोरगी कानापर्यंत लाल झाली. तेवढ्यात दाराजवळच्या खुर्चीतून आवाज आला, "ते फाटकं इकडे."

ते टोर्लाइफकाका. म्हातारे खलाशी. गुडघे गेले म्हणून जहाज सुटलं, नॉर्वेत लोफोटेनला गावाकडे कोणी उरलं नव्हतं, म्हणून बंदराजवळच खोली घेऊन राहिलेले. चर्चचं दार उघडलं की ते हजर.

"थांबा काका, चांगलं देते."

"चांगलं पाहुण्यांना. पहिलं घरच्यांचं. आमच्या आईचा नियम."

मग रोज तेच. पहिलं फाटायचं, ओशिल्ड ते त्यांच्या बशीत ठेवायची, वर तपकिरी चीजचा काप. काका म्हणायचे, "आज तर फारच छान बिघडवलंस," आणि ती हसत सुटायची. पण मनातून ती खट्टू असायची. मावशीला म्हणायची, "इथे येऊन मी देवाचं काहीच काम केलं नाही. नुसती वॉफलं भाजली." मावशी लोण्याचं भांडं पुढे सरकवायची.

हिवाळ्यात एक दिवस खुर्ची रिकामी राहिली. काकांच्या छातीत पाणी झालं होतं, इस्पितळात नेलं होतं. तिथे सगळे तिथली भाषा बोलणारे, काकांशी त्यांच्या बोलीत बोलायला कोणी नाही. ओशिल्डनं ठरवलं, आज काकांना आयुष्यातली सगळ्यात सुंदर वॉफलं द्यायची. मावशी बाजारात गेली होती. पोरीनं पहिलं फाटलेलं वॉफल सुरीनं खरवडून कचऱ्यात टाकलं. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी तिला थांबवलं असतं. मग तिनं सोनेरी, कडेला कुरकुरीत, पाचही बदाम जसेच्या तसे, अशी वॉफलं डब्यात रचली आणि धावत गेली.

परत आली तेव्हा डबा तसाच भरलेला. चुलीशी उभी राहून तिनं मावशीला सांगितलं. काकांनी डबा उघडला, एकेक उचलून बघितलं आणि विचारलं, "पहिलं कुठाय?"

"ते फाटलं होतं काका. टाकून दिलं."

काका थोडं हसले. "म्हणजे शेवटी मी पाहुणाच झालो म्हणायचं," असं बोलले आणि डबा बंद केला. रागावले नव्हते. नुसते भिंतीकडे वळले.

"उद्या आणते म्हणाले मी," ओशिल्ड म्हणाली. "मावशी, त्यांनी मान पण हलवली नाही."

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती चुलीशी आली. मला गार असतानाच पीठ पाजलं. मी ते पाचही बदामांनी असं घट्ट धरलं की निघता निघेना. फाटलं, चांगलं फाटलं. तिनं ते फडक्यात गुंडाळलं, कोटाच्या आत धरलं आणि गेली.

फडकं तसंच परत आलं. काकांची खाट नर्सनं आवरून ठेवली होती.

मावशीनं फडकं सोडलं, त्या चिंध्यांचे दोन वाटे केले, एक ओशिल्डपुढे ठेवला. "खा. आता त्यांचे घरचे आपणच." दोघी उभ्यानं खात होत्या आणि मी गार होत होतो.

काकांना तिथेच, परक्या मातीत पुरलं. वर्ष संपलं तेव्हा ओशिल्डच्या जागी आलेल्या मुलीला तिनं एकच गोष्ट शिकवली: पहिलं टाकायचं नाही, दाराजवळ कोण बसलंय ते आधी बघायचं.

आता चर्चमध्ये विजेचा साचा आहे. त्याला काही चिकटत नाही, पहिलं वॉफलसुद्धा अख्खं निघतं. मी खिडकीत शोभेला आहे. माझा गंज कधीतरी घासलात तर बरं वाटेल, पण मागणं ते नाही. तुमच्या दाराजवळही कोणी एकटं बसत असेल. त्याला तुमच्यातलं फाटकंतुटकं द्यायला लाजू नका.

समोर ती खुर्ची अजून आहे. लोक येतात, बसतात, सुंदर वॉफल खातात, आभार मानून निघून जातात. सगळे पाहुणे.