उबुदच्या बदकांची काठी

बालीतल्या उबुदला पोचून अर्धा तास झाला नव्हता, तोवर आक्काबाईने अकरा प्रश्न विचारले होते. उंबऱ्याशी जमिनीवर ठेवलेली ती पानाची इवलीशी ताटली कुणासाठी? फुलांबरोबर त्यात बिस्कीट कशाला? कुत्र्याने ते खाल्लं तर देव रागावत नाही का? झाडाला काळ्यापांढऱ्या चौकड्यांचं कापड कुणी नेसवलं, आणि ते धुवायला कोण सोडतं? नात हर्षदा मोबाइलमध्ये मराठीत बोलायची, मोबाइल तिथल्या भाषेत बोलायचा आणि घरमालकीण निलुह हसत हसत उत्तर द्यायची. देवाचं घेऊन झालं की उरलेलं कुत्र्याने खाल्लं तरी चालतं, हे कळल्यावर आक्काबाईचं समाधान झालं.

"शहाणा देव हाय," ती म्हणाली.

हर्षदा कुरकुंभच्या एका औषध कंपनीत प्रयोगशाळेत होती. मैत्रिणीबरोबर बालीला जायचं ठरवून दोघींनी तिकिटं काढायची म्हटली, तर ऐन वेळी मैत्रिणीचं लग्न ठरलं. मग हर्षदाने आजीचा पासपोर्ट काढला. यवतच्या पुढे रानातल्या वस्तीवर राहणाऱ्या आक्काबाईला बाली कुठे आहे ते ठाऊक नव्हतं, पण नवं काही बघायला मिळणार म्हटल्यावर ती सत्तराव्या वर्षीसुद्धा पुढे असायची. तिचा जीव अडकला होता तो फक्त मेंढरांत.

बावीसच उरली होती. आक्काबाईचं माहेर शिरूरकडचं. लहानपणी दिवाळी झाली की तिच्या बापाचा तळ घोड्यांवर बिऱ्हाड लादून कोकणात उतरायचा. आता सगळ्या भावकीने विहिरी पाडून ऊस लावला होता आणि मेंढरं आक्काबाईच्याच दारात तेवढी राहिली होती. तीही दुसऱ्या कुणाला जुमानत नव्हती. म्हणून निघायच्या आधी मुलगा नवनाथ म्हणाला, की सहा दिवस राजश्रीला सांभाळू दे. तिच्या मागं गेली तर ठेवू, नाही गेली तर आल्यावर विकून टाकू. उद्या तू आजारी पडलीस तर त्यांच्याकडं बघायचं कुणी? बोलणं खोटं नव्हतं. आक्काबाईने कबूल केलं.

सून राजश्रीला तिने सगळं समजावून दिलं. लंगडी मेंढी कुठली, पाणी कुठे पाजायचं, कुणाच्या उसाकडे फिरकू द्यायचं नाही. फक्त देवळीजवळ टेकवलेली नवऱ्याची, गेणबाची काठी दाखवून ती म्हणाली, की हिला हात लावायचा नाही. टोकाला घुंगरं बांधलेली ती काठी नवरा गेल्यापासून बारा वर्षं आक्काबाईच्याच हातात होती. राजश्रीसाठी तिने बाभळीचा एक फोक तासून ठेवला.

पहिल्या दिवशी फोन आला, की मेंढरं जाळीच्या कोंडवाड्यातून बाहेरच पडली नाहीत. दुसऱ्या दिवशी कशीबशी बाहेर काढली, तर पाटापर्यंत जाऊन माघारी फिरली आणि दारात येऊन उभी राहिली. राजश्रीने घास कापून जागेवर टाकला. मागून नवनाथचा आवाज आला, "आये, असं काय जमत न्हाई बघ." फोन ठेवल्यावर आक्काबाईने ताट बाजूला सारलं. पण खरं सांगायचं तर मनात कुठेतरी तिला बरंही वाटलं होतं. आपल्यावाचून त्यांचं अडतं, हे ऐकायला कुणाला नको असतं?

तिसऱ्या दिवशी सकाळी हर्षदा अंगाला तेल लावून घ्यायला गेली. तिथे लोक त्यासाठीच लांबून येतात. आजीला तिने आग्रह केला, पण परक्या बाईकडून पाय चोळून घ्यायचे म्हटल्यावर आक्काबाई सरळ मागच्या दाराने भाताच्या खाचरांकडे निघाली. तिथे उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी भात उभा होता आणि बांधाच्या खाचेतून पाणी वरच्या शेतातून खालच्या शेतात पडत होतं. थेट कोकणच. कापणी झालेल्या खाचरात बाप रात्री मेंढरं बसवायचा, त्यांचं खत शेताला व्हायचं आणि शेतकरी त्याबद्दल भात द्यायचा. त्या भाताच्या पेजेचा वास तिला तिथे, विमानाने सात समुद्र ओलांडून आल्यावर, आला.

तेवढ्यात एक म्हातारा बदकं घेऊन आला. दीडदोनशे तरी असतील. कापलेल्या खाचरात त्याने ती सोडली, पांढरं फडकं बांधलेली उंच काठी चिखलात रोवली आणि तो चक्क निघून गेला. आक्काबाई बांधावर बसून बघत राहिली. बदकं चिखलात चोची खुपसत होती, किडे टिपत होती, शेणखताचं काम आपोआप करत होती. म्हणजे हासुद्धा आपल्यातलाच, तिच्या मनात आलं. पण असा कसा हा? काठी विसरून गेला?

तिच्या बापाच्या तळावर एकदा कुणी काठी रानात विसरला होता, तर अख्खा हिवाळा त्याची चेष्टा झाली होती. झोपतानासुद्धा काठी उशाला पाहिजे. म्हातारा घरी जाऊन बायकोच्या शिव्या खाईल, म्हणून आक्काबाईने लुगडं वर खोचलं, चिखलात उतरून काठी उपटली आणि तो गेला त्या वाटेने निघाली.

दहा पावलांवर मागून कलकलाट ऐकू आला. वळून बघते तर सगळी बदकं बांध ओलांडून तिच्या मागे. ती थांबली, तशी बदकं थांबली. ती भरभर चालू लागली, तशी तीही माना ताठ करून फटक फटक धावू लागली. वाट संपून डांबरी रस्ता लागला. स्कूटरी थांबल्या, गोरे लोक मोबाइल उंच धरून हसू लागले. दुसऱ्याचा कळप तिने गाड्यांच्या तोंडी आणला होता. "हुर्रर्र, माघारी, माघारी," तिने मेंढरांना घालायचे सगळे आवाज घालून पाहिले. एकही बदक तिच्याकडे बघेना. सगळ्यांची नजर वर, फडक्यावर.

तेव्हा तिला उमगलं. काठी डोक्यावर धरून ती हळूच वळली आणि आल्या वाटेने चालू लागली. दोनशे बदकं तिच्याभोवती वळली. खाचरात काठी पुन्हा होती तिथेच रोवून होते, तोवर म्हातारा धावत आला होता, मागोमाग निलुह आणि तेलाने चमकणारी हर्षदा. आक्काबाईने दोन्ही हात जोडले. म्हातारा आधी रागाने बघत होता. मग काय झालं ते कळल्यावर इतका हसला, की बांधावरच बसला.

मग आक्काबाईचे प्रश्न सुरू झाले आणि मोबाइल दोघांमध्ये फिरत राहिला. पिल्लं असल्यापासून बदकांना काठी दाखवायची. संध्याकाळपर्यंत ती तिच्याभोवती राहतात. ती मला ओळखत नाहीत, म्हातारा सांगत होता, काठीला ओळखतात. ताप आला की बायको काठी रोवते, कधी सून रोवते.

"आन् तवा तुला वाईट न्हाई वाटत?" आक्काबाईने विचारलं.

मोबाइल बोलला. म्हाताऱ्याने जरा विचार केला. वाटतं, तो म्हणाला, पण तापात झोप चांगली लागते.

आक्काबाई हसली नाही. घरी पोचताच तिने हर्षदाकडून राजश्रीला फोन लावून घेतला.

"देवळीजवळची काठी घे."

पलीकडून राजश्री म्हणाली, "आत्याबाई, तुम्हीच म्हणाला होता, तिला..."

"म्हणाले व्हते. आता घे म्हणते. जाळी सोडायच्या आधी दोनदा आपट, घुंगरं वाजू देत. मग मागं न बघता चालायचं."

दुपारी नवनाथने व्हिडिओ कॉल केला. पाटाच्या कडेने राजश्री चालली होती, हातात काठी, आणि मागे बावीसच्या बावीस. चित्र समोर दिसत असताना आक्काबाईने मोबाइल कानाला लावला. घुंगरं वाजत होती. नवनाथ म्हणाला, की आता राहू दे बाई तुझी मेंढरं, बायको माझंसुद्धा ऐकायची नाही आता.

तिने मोबाइल पुन्हा डोळ्यांसमोर धरला. एकाही मेंढराने मान वर करून तिला इकडेतिकडे शोधलं नव्हतं. लंगडीनेसुद्धा नाही.

"घुंगराचा दोरा झिजलाय, सांग तिला," ती हर्षदाला म्हणाली. "नवा घाल म्हणावं. लाल."

मग ती बराच वेळ ओसरीवर पाय लांब करून बसली. भेगा पडलेले, कोकणच्या घाटाने घडवलेले पाय. निलुह उंबऱ्याशी नवी ताटली ठेवून गेली. कुत्रं आलं, हुंगून बिस्कीट घेऊन गेलं.

"हर्षदा," आक्काबाईने हाक मारली, "ती पाय चोळणारी बाई अजून असंल का गं? जाऊ आपण. पण तेल कशाचं हाय, ते आधी विचार तिला."