एकशे सोळावं कलम

मुख्य विश्वस्त मनोहरकाकांनी तेविसावं कलम वाचून संपवलं आणि नीलांबरीने पेनला टोपण लावलं. मराठी मंडळाच्या नव्या घटनेत तिने तेवीसच कलमं लिहिली होती. आता अमेरिकेत, ॲन आर्बरला काल उतरलेल्या विद्यार्थ्यालाही मत देता येणार होतं. आजवर मत फक्त आजीव सदस्यांना; विद्यार्थी खुर्च्या मांडण्यापुरते.

काकांनी पान उलटलं.

"कलम चोवीस. विश्वस्तांच्या जबाबदारीतल्या कोणत्याही बाबतीत वरील कलमं त्यांच्या संमतीशिवाय लागू होणार नाहीत."

मंडळात विश्वस्तांच्या जबाबदारीत न येणारं काहीच नव्हतं. पण सभेसाठी घेतलेल्या शाळेच्या कॅफेटेरियात कुणाची मान वर झाली नाही. मागे बटाटेवड्यांचे ट्रे उघडले होते. नीलांबरीने शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. विनय बुटांवरचा बर्फ झटकत होता. बर्फ केव्हाच वितळला होता.

तिच्या पीएच.डी.चा विषय होता फ्रेंचांच्या अमलाखालचा सीरिया. तिथल्या प्रतिनिधींनी १९२८ साली आपल्या प्रजासत्ताकाची घटना लिहिली, एकशे पंधरा कलमांची. दोन वर्षांनी फ्रेंच हाय कमिशनरने ती जाहीर केली, पण शेवटी एकशे सोळावं कलम जोडून: फ्रान्सच्या जबाबदाऱ्यांच्या आड येणारं काहीही लागू नाही. गेल्याच महिन्यात कांदा चिरताना विनयने विचारलं होतं, मग आधीची कलमं सरळ खोडली का नाहीत? नवऱ्याला आपल्या प्रबंधात रस वाटतोय याचं तिला इतकं अप्रूप, की हातातलं काम टाकून तिने समजावलं. खोडलं की लोक भांडतात. जोडलं की टाळ्या वाजवतात.

"काकांना फायनल कॉपी तू पाठवलीस," ती हळू म्हणाली.

"स्टुडंट्सना मत दिलं तर काका रिझाइन करणार होते, नीलू. मंडळ फुटलं असतं. तुझं एक अक्षर बदललेलं नाही मी."

"जोडलंस."

"पुढच्या वर्षी मी प्रेसिडेंट झालो की काढून टाकू ना यार."

काकांनी विरोधातले हात वर करायला सांगितले. एकट्या नीलांबरीचा हात वर गेला. घटना लिहिणारीच विरोधात, काका म्हणाले, आणि सगळे हसले. मग टाळ्या झाल्या.

तिच्या सांगण्यावरून मंडळात आलेला सिद्धेश दोन प्लेटा सांभाळत आला. विद्यार्थ्यांमध्ये सगळ्यात जोरात टाळ्या त्याच्याच होत्या.

"ताई, तुम्ही कसा काय हात वर केलात? आपलं तर झालं ना? मी दहा जणांना जॉइन करायला लावलंय, वोटिंगसाठी."

तिने तोंड उघडलं.

"झालं की," विनय म्हणाला आणि वडा उचलला.

सिद्धेशने दुसरी प्लेट तिच्यासमोर ठेवली आणि सवयीने खुर्च्या दुमडायला घेतल्या. एकेक करत तो या रांगेपर्यंत आला आणि नीलांबरीच्या खुर्चीपाशी थांबला. ती उठली नव्हती.